शेरूची वही



चातुर्मासात या वेळी माझं लिहिणं बंद होतं. दोघी-तिघींनी विचारलंही, ‘ताई, तब्येत बरी आहे ना?’ माझी तब्येत बरी होती. शेजारच्या घरात एक आजारी होता आणि माझा दिवसातला बराच वेळ तिकडे जात होता. आजारी होता तो त्यांचा कुत्रा, शेरू.

‘कुत्रा?’ असं तुमच्या मनात आलं असेल तर रागावत नाही. माझ्याही मनात आधी तेच आलं होतं. नुसतं मनात आलं नाही, तोंडातून बाहेरही पडलं. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आमचं राजूर तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. वणी तालुक्यातलं गाव. एकीकडे कोळशाची खाण, दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. दारातल्या तुळशीवर सकाळी पांढरी धूळ असते आणि संध्याकाळी काळी, असं आम्ही गमतीनं म्हणतो. माझ्या शेजारी एक तरुण जोडपं राहतं. भाऊ कोळशाच्या गाडीवर चालक आहेत, रात्रपाळ्या फार. त्यांची बायको घरी शिवणकाम करते, तिला मी बेटा म्हणते, ती मला काकू. एक मुलगा, चौथीत. शेरू साडेपाच वर्षांचा, साधा गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. भाऊंना तो वरोऱ्याच्या रस्त्यावर एका ढाब्यामागे पिल्लू असताना मिळाला होता. माझ्या फाटकाशी रोज सकाळी येऊन बसायचा. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा आपल्या घराघरातला रिवाज. माझी शेवटची पोळी त्याची.

आषाढात एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण फाटकाच्या दोन पायऱ्या चढता चढता मध्येच बसला. पोळीला तोंड लावलं नाही. मला वाटलं, कुठे काही खाल्लं असेल. तिसऱ्या दिवशी बेटा रडत आली. शेरूची लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी गडद झाली होती. तिनं त्याचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. एरवी गुलाबी असतात त्या. आमच्या भट्टीतला चुना जसा दिसतो, तशा पांढऱ्या दिसत होत्या, आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक.

जवळ दाखवलं तिथे कावीळ म्हणून इंजेक्शन दिलं. उतार पडला नाही. चौथ्या दिवशी भाऊंनी मालकाकडून उचल घेतली, गाडी ठरवली आणि नागपूर गाठायचं ठरवलं. वणी, वरोरा, जाम करत अडीच-तीन तास. नागपुरात १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, चांगले खासगी डॉक्टरही आहेत, त्यामुळे आपल्या भागातले लोक जनावर हाताबाहेर गेलं की तिकडेच धावतात.

गाडी दाराशी उभी. भाऊ शेरूला चादरीत घेऊन निघालेले. बेटा हातात पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे पाहत होती. आणि मी काय म्हणाले? ‘अगं, एका कुत्र्यासाठी एवढा खर्च? मुलाच्या शिक्षणाला ठेवा.’

वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. मी बी.कॉम. झालेली बाई, चाळीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिते, आकडा दिसला की हिशेब आधी तोंडात येतो. ती काही बोलली नाही. गाडीत बसली. काच वर केली.

त्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. आपण श्रावक-श्राविका पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार रोज म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, उपाशी ठेवणं. हे पाचही बहुतांशी घरातल्या जनावरांबद्दलच आहेत, हे मी इतक्या वर्षांत कधी थांबून पाहिलंच नव्हतं. आपल्या आचार्यांनी अहिंसेची पहिली यादी केली ती दावणीच्या बैलाला आणि दारातल्या कुत्र्याला डोळ्यांसमोर ठेवून. आणि मी पिंजरापोळीची पावती दरवर्षी फाडणारी बाई, शेजारणीच्या पंचेंद्रिय जीवाला ‘एका कुत्र्या’त मोजून मोकळी झाले होते. पाचांपैकी एकही अतिचार मी केला नव्हता. तरीही ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना घसा दाटला.

शेरू आठ दिवस नागपूरला होता. बेटा तिथेच राहिली, मुलगा माझ्याकडे. रोज रात्री तिचा फोन यायचा, मुलाशी बोलायला. माझ्याशी कामापुरतंच बोलायची. चौथ्या दिवशी मात्र म्हणाली, ‘काकू, डॉक्टर काय सांगतात ते मला कळत नाही. तुम्ही ऐकता का?’ आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे समजावलं. मी समोर पडलेल्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. ते तुम्हालाही सांगते, कारण असा आजार असतो हेच आपल्याला माहीत नसतं.

आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंना मारणारे पहारेकरी असतात. कुत्र्यांच्याही असतात. या आजारात ते पहारेकरी चुकतात आणि स्वतःच्याच रक्तातल्या तांबड्या पेशींना चोर समजून मारत सुटतात. डॉक्टर त्याला आयएमएचए म्हणतात. मी हिशेबाच्या भाषेत असं समजून घेतलं. कुत्र्याची तांबडी पेशी साधारण ११० ते १२० दिवस जगते. रोज थोड्या जुन्या पेशी खर्ची पडतात आणि हाडांच्या मगजात तेवढ्याच नव्या होऊन जमा होतात. खातं बरोबर राहतं. या आजारात खर्च एकाएकी कितीतरी पट वाढतो. मगज जमा वाढवू लागतो, पण त्याला जोर धरायलाच तीन ते पाच दिवस लागतात. तोवर शिल्लक संपत येते. फुटलेल्या पेशींमुळे लघवी गडद होते, डोळे पिवळे होतात. म्हणून वरून पाहणाऱ्याला कावीळच वाटते.

शिल्लक किती हे पाहायला रक्त एका बारीक नळीत घालून फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, त्यांचं शेकडा प्रमाण मोजतात. त्याला पीसीव्ही म्हणतात. धडधाकट कुत्र्यात ते ३७ ते ५५ असतं. शेरूचं १३ होतं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब आणि सलाईनचा थेंब मिसळला तर पेशी मोकळ्या व्हायला हव्यात, शेरूच्या पेशी रव्याच्या गुठळ्यांसारख्या चिकटून राहिल्या. पहारेकऱ्यांनीच त्यांना धरून ठेवल्याची ती खूण.

हे का होतं? पुष्कळदा कारण सापडतच नाही. आपल्या भागात डॉक्टर आधी गोचिडांचा संशय घेतात, कारण गोचिडातून बबेसिया, एहर्लिशिया असे जंतू रक्तात येतात आणि तेही रक्त असंच उतरवतात किंवा पहारेकऱ्यांना बिथरवतात. शेरूच्या तपासात ते सापडले नाहीत, पण तपासणी कधी चुकू शकते म्हणून त्यावरचं औषधही दिलं. मुख्य औषध म्हणजे पहारेकऱ्यांना गप्प बसवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या महिनोन्‌महिने. आणि रक्तात गाठी होऊ नयेत म्हणून आणखी एक गोळी. या आजारात रक्त कमी असूनही गाठी होतात आणि पुष्कळ कुत्री त्या गाठींनीच जातात, हे ऐकून मी चकित झाले. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे, असं डॉक्टर म्हणाले.

औषधाचा गुण यायला वेळ लागतो, तोवर जीव टिकवायला रक्त द्यावं लागतं. कुत्र्याला कुत्र्याचंच रक्त. मला हे माहीतही नव्हतं. कुत्र्यांचेही रक्तगट असतात. पहिल्यांदा देताना सहसा मोठी अडचण येत नाही, दुसऱ्यांदा मात्र जुळवून पाहिल्याशिवाय देत नाहीत.

तुम्हाला आठवत असेल, २०२४ च्या जूनमध्ये रतन टाटांनी मुंबईकरांना एक विनंती केली होती. महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं नवं रुग्णालय सुरू होत होतं, तिथे सात महिन्यांचा एक कुत्रा दाखल होता. गोचीड-तापाचा संशय, रक्त जिवावर बेतेल इतकं उतरलेलं. एवढा मोठा माणूस स्वतः लोकांना विचारत होता की कुणाच्या कुत्र्याचं रक्त मिळेल का. देणारा कुत्रा कसा हवा तेही त्यात होतं: वय १ ते ८ वर्षं, वजन २५ किलो किंवा जास्त, सगळ्या लशी आणि जंताचं औषध झालेलं, मोठा आजार नसलेला, गेल्या सहा महिन्यांत अंगावर पिसवा-गोचीड नसलेला. रक्त मिळालंही. तेव्हा मी ती बातमी वाचून ‘मोठ्या लोकांचं सगळं मोठं’ म्हणून पान उलटलं होतं. वर्षभरात तीच यादी बेटा मला फोनवर वाचून दाखवत होती, ‘काकू, तुमच्या नागपूरच्या नात्यात कुणाकडे मोठा कुत्रा आहे का?’

माझ्या नणंदेच्या सोसायटीत एक लॅब्रॅडोर निघाला, ३२ किलोचा. त्याचे मालक एक निवृत्त गृहस्थ, ओळख ना पाळख, तासाभरात त्याला घेऊन दवाखान्यात हजर झाले. पैशांचं नावही काढू दिलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की सुई लावताना मी त्याचं डोकं धरून बसणार. मुका जीव ‘हो’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याला दुखू नये, भीती वाटू नये, ही जबाबदारी आपली. दान कसं घ्यावं हे मला त्यांनी शिकवलं.

नवव्या दिवशी शेरू घरी आला. पीसीव्ही २१. सोबत पाच प्रकारच्या गोळ्या, वेगवेगळ्या वेळा, काही उपाशीपोटी, काही जेवल्यावर. बेटाच्या डोळ्यांखाली काळं झालेलं. भाऊ त्याच रात्री गाडीवर गेले, उचल फेडायची होती. मी दुपारी गेले. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, ‘बेटा, मला एक दोनशे पानी वही दे. गोळ्यांचा हिशेब मी ठेवते.’

तिनं मुलाची नवी वही काढून दिली. त्यावर मुलानं लिहिलं, ‘शेरूची वही’. मैत्रिणींनो, कुणाच्या घरी असं दुखणं आलं आणि काय करावं हे कळेनासं झालं, तर एक वही घ्या. मी रकाने आखले: तारीख, गोळी, वेळ, कुणी दिली, पाणी किती, लघवीचा रंग, हिरड्यांचा रंग, झोपेत मिनिटाला श्वास किती, खाल्लं काय. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या आत हवेत, सारखे वाढत गेले तर फोन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिरड्यांच्या रंगाला आम्ही आमचीच नावं दिली: चुना, ताक, फिकट गुलाबी, गुलाबी. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि दहा मिनिटं वाचत राहिले.

दुसरं काम खाण्याचं. स्टेरॉइडनं भूक आणि तहान वेड्यासारखी लागते. शेरू सारखं मागायचा, पोट सुटलं, पाठ बारीक झाली, धापा टाकायचा. आणि इथे आपलं स्वयंपाकघर कामी आलं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला विष आहेत, हे तुम्हाला माहीत होतं का? कच्चे, शिजवलेले, वाळवून पूड केलेले, कसेही. त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याचं रक्त आधीच फुटतंय त्याला तर एक घासही नको. शेजारी रोजच्या भाजीत कांदा-लसूण असायचाच, आणि उरलेला रस्सा शेरूच्या भाताला. डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितल्यावर बेटा घाबरली. मी म्हटलं, ‘भात आणि मुगाचं वरण माझ्याकडून येईल. माझ्या घरात या दोन वस्तू येतच नाहीत.’ मीठ अगदी नाममात्र, फोडणी नाही. बाकी काय आणि किती घालायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, ते बेटा बघायची. त्यात अंडं असायचं. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझी पच्चक्खाणं माझ्यासाठी आहेत, ती मी त्यांच्या अंगणात नेली नाहीत. आणि हो, द्राक्षं आणि मनुकाही कुत्र्याला देऊ नका, मूत्रपिंडं जातात. माझ्या हातून प्रसादाचा शिरा त्याला किती वेळा गेला असेल, देव जाणे.

तिसरं काम रात्रीचं. एवढं पाणी प्यायल्यावर रात्री दर दोन तासांनी त्याला बाहेर न्यावं लागे. भाऊ रात्रपाळीला, मुलाची शाळा, बेटाला शिवणाच्या ऑर्डरी. आठवड्यातून तीन रात्री मी त्यांच्या ओसरीवर झोपायला जाऊ लागले. आमचे ‘हे’ आधी कुरकुरले. मग एका रात्री स्वतःच बॅटरी घेऊन आले, म्हणाले, ‘तुला अंधारात दिसत नाही, उगाच पडशील.’ माझा चउविहार सांभाळून सगळं जमलं. पहाटेचं सामायिक मात्र कधी कधी चुकलं. महासतीजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या की अनुकंपा हे सम्यक्त्वाचंच एक लक्षण आहे, मनाला लावून घेऊ नका, जमेल तेव्हा करा.

गोचिडांचा प्रश्न मात्र अवघड होता, तुम्हालाही पडेल. उवा-ढेकणांसारखा तोही तेइंद्रिय जीव. चिमट्यानं काढून चिरडायचा किंवा जाळायचा, हे मला होत नाही. पण तो अंगावर राहू दिला तर पंचेंद्रिय जीव धोक्यात. पुष्कळ विचार करून मी एवढं ठरवलं की गोचीड होऊच नयेत, तिथे आपण कष्ट करायचे. दोन्ही अंगणांतलं गवत मी आणि बेटानं काढलं, ओल साचू दिली नाही, शेरूचं गोणपाट रोज उन्हात टाकलं, भिंतीच्या भेगा बुजवल्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांनी लावलं. त्यातही हिंसा आहे, मी नाही म्हणत नाही. संसारी माणसाला कमीत कमी हिंसेचा रस्ता शोधावा लागतो, आणि शोधला नाही तर तो आळस असतो.

पैशांचंही सांगते. आमच्या महिला मंडळात जीवदयेच्या पेटीतून काही देता येईल का, असं मी विचारलं. ते द्रव्य प्राण्यांसाठीच असतं, मग हा प्राणी का नाही? चर्चा झाली. काहींचं म्हणणं पडलं की हा पाळीव आहे, त्याला मालक आहे, पैसा पांजरपोळातल्या निराधार जनावरांनाच जावा. त्यांचंही चूक नव्हतं. मग चार बायकांनी आपापल्या घरखर्चातून दिलं. बेटाला रोख दिले असते तर तिनं घेतले नसते, म्हणून औषधाच्या दुकानात तिच्या नावावर जमा केले. कोणी किती दिले ते तिला आजही माहीत नाही.

त्याच सुमारास माझ्या वाचनात एक जुनी गोष्ट पुन्हा आली. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्यानं शिपाई दारादारांतून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी लोक खवळून उठले, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला फार मान. दंगल झाली, शहर बंद पडलं, आपले जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात उतरले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ती उभी करण्यात पुढे होते जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा, भायखळ्याचं देरासर बांधणारे तेच. ज्या पांजरपोळीची आपण गाईंसाठी पावती फाडतो, तिची सुरुवात कुत्र्यांच्या जिवावरून झाली होती! आणि एका पारशानं आणि एका जैनानं मिळून केली होती. रतन टाटांच्या त्या विनंतीचा अर्थ मला तेव्हा लागला. ती त्यांच्या घरातलीच रीत होती, आणि आपल्याही.

श्रावण संपेपर्यंत शेरू सावरला. पीसीव्ही ३४. हिरड्यांच्या रकान्यात ‘गुलाबी’. संवत्सरीच्या दिवशी मी बेटाकडे गेले. दरवर्षी जाते, मिच्छामि दुक्कडम् म्हणते, ती हसून ‘काकू, तुम्ही काय क्षमा मागता’ म्हणते. या वेळी मी म्हटलं, ‘त्या दिवशी गाडीजवळ मी जे बोलले, त्याची क्षमा मागते.’ तिनं मान खाली घातली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘काकू, त्या वेळी सगळे तेच म्हणत होते. पण तुम्ही म्हटल्यावर मला वाटलं, आता विचारायला कुणीच उरलं नाही.’

हे वाक्य लिहून ठेवा. ज्याच्या घरी असं दुखणं असतं त्याला सल्ला देणारे पुष्कळ असतात. ‘दुसरा आणा’, ‘माणसांना औषध मिळत नाही’, ‘अजून जिवंत आहे का?’ हे सगळं ते आधीच ऐकून बसलेले असतात. आपण गेलो तर एवढं विचारावं, ‘आज काय खाल्लं त्यानं? तू जेवलीस का?’

आश्विनात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या हळूहळू कमी करायला सुरुवात झाली. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, मनानं तर मुळीच नाही, आणि माणसांची ताप-दुखीची औषधं कुत्र्याला द्यायची नसतात. आम्ही सगळं पाळलं. तरी दिवाळीनंतर एका सकाळी वहीत पुन्हा ‘ताक’ लिहावं लागलं. दोन दिवसांनी ‘चुना’. गोळ्या वाढवल्या. नागपूरला पुन्हा नेलं. या वेळी रक्त जुळायला अवघड गेलं. आणि मग श्वास, मिनिटाला ५२. फुप्फुसात गाठ गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. दोन रस्ते सांगितले: इथे ठेवून प्रयत्न करू, पण आशा फार थोडी, किंवा इंजेक्शननं झोपवू, त्रास होणार नाही.

बेटानं मला फोन केला. ‘काकू, तुमच्या धर्मात काय सांगतात?’

मी खरं तेच सांगितलं. आपल्या धर्मात कुणाचा प्राण घेणं दयेपोटीही बसत नाही. संथारा वेगळा, तो ज्यानं त्यानं स्वतः जागेपणी घ्यायचा असतो, मुक्या जीवावर तो कुणी लादू शकत नाही. पण पुढे हेही म्हटलं, ‘हा माझा धर्म आहे. शेरू तुझा आहे. तू आणि भाऊ जे ठरवाल त्यात मी तुमच्याबरोबर आहे, आणि त्यावरून मी तुला कधी एक शब्दही बोलणार नाही.’ त्यांनी डॉक्टरांकडून त्रास कमी करणारं औषध घेतलं आणि त्याला घरी आणलं.

रात्री साडेनऊला पोचले. मी ओसरीवर वाट पाहत होते. शेरूनं मला पाहून उभा कान हलवला. दिगंबर भगिनींना जीवंधरकुमारांची कथा ठाऊक असेल. मार खाऊन मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार म्हटला आणि तो पुढे यक्षदेव झाला. कथा खरी की कशी ते केवली जाणोत. मी हळू आवाजात नवकार म्हणत राहिले. भाऊंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, लॅब्रॅडोरवाल्या काकांसारखं. पहाटे चारच्या आधी तो गेला. कार्तिकी पौर्णिमेला तीन दिवस होते.

भाऊंनी भट्टीवरून चुन्याची गोणी आणली. शेताच्या बांधाला खड्डा केला, मीठ आणि चुना घालून त्याला ठेवलं. मुलानं त्याचा पट्टा मागून घेतला.

पण मैत्रिणींनो, काम तिथे संपत नाही. पाचव्या दिवशी बेटा माझ्याकडे आली आणि बसूनच राहिली. ‘काकू, माझ्याच हातून झालं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाहुणे होते, मी सकाळची गोळी द्यायला विसरले असणार. म्हणूनच उलटलं.’ पाच रात्री ती हेच घोकत होती. भाऊंना म्हणालीही नव्हती.

मी वही काढली. लक्ष्मीपूजनाचं पान उघडलं. सकाळी ७ वाजून १० मिनिटं, गोळी, तिचीच सही. मग पहिलं पान काढलं आणि शेवटपर्यंत दोघींनी बोट ठेवून पाहिलं. १०६ दिवस. एकही सकाळ रिकामी नव्हती. तीन ठिकाणी उशीर होता, तिन्ही वेळा माझी सही होती. ते पाहून ती हसली, आणि मग जे रडली ते अर्धा तास रडली. मी पाठीवर हात ठेवून बसले. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की सगळं बरोबर करूनही हा आजार उलटू शकतो. पण ऐकून ते पटत नाही, लिहिलेलं दिसावं लागतं.

चाळीस वर्षं मी हिशेब लिहिला तो पैसा कुठे गेला ते कळावं म्हणून. ही पहिली वही, जी एका मुलीच्या मनावरचा दोष उतरवायला कामी आली. वही तिनं मला ठेवायला दिली आहे. उरलेली पानं मी फाडली नाहीत.

परवा सकाळी फाटकाशी एक काळं पिल्लू बसलेलं दिसलं. कुणाचं ते माहीत नाही. शेवटची पोळी त्याला दिली. बेटानं तिच्या दारातून पाहिलं, काही बोलली नाही, आत गेली. मीही काही बोलले नाही. तिची वेळ तिला ठरवू दे. अंगणातलं गवत मात्र मी पुन्हा काढायला घेतलं आहे.

तुमच्या शेजारी, नात्यात कुणाकडे मुका जीव आजारी असेल तर आज एकदा जाऊन या. आणि माझ्यासारखं काही बोलून बसला असाल, तर पुढच्या संवत्सरीची वाट पाहू नका.

जय जिनेंद्र.